कटावणी आणि पत्र्याचा डबा

दुसऱ्या भागाबद्दल माझं मत एकूण वाईटच आहे. मग तो सिनेमाचा असो, कादंबरीचा असो, की पंगतीत दुसऱ्यांदा फिरणाऱ्या जिलबीचा. पहिल्या फेरीला जिलबी कुरकुरीत असते, वाढप्याला उत्साह असतो आणि आपल्याला भूक असते. दुसऱ्या फेरीला यातलं काहीच उरत नाही, उरतो तो फक्त आग्रह. तसाच आग्रह माझ्या पुतण्याने धरला. ‘काका, तुम्ही हाफ-लाइफ टू खेळाच.’ निवृत्त माणसाला नाही म्हणायला कारण लागतं, आणि माझा पेपर तर वाचून झाला होता.

हा कॉम्प्युटरवरचा गोळीबाराचा खेळ. पडद्यावर आपले फक्त हात दिसतात आणि हातातलं शस्त्र. बाकीचा माणूस आपण स्वतः पुरवायचा. पहिला भाग १९९८ सालचा, दुसरा २००४ च्या नोव्हेंबरातला. नायकाचं नाव गॉर्डन फ्रीमन. पदार्थविज्ञानातला डॉक्टरेट, तोही एम.आय.टी.चा. (कोथरूडची नव्हे, अमेरिकेतली.) एवढं शिकून हातात काय, तर कटावणी! घरफोडीच्या बातम्यांत असते तीच. ‘याच्या आईवडिलांनी याला शिकवायला किती खर्च केला असेल,’ एवढंच सौ. म्हणाली आणि भाजी निवडायला लागली.

आता गुणांचं सांगतो. खेळ सुरू होतो तो आगगाडीत. ‘सिटी १७’ नावाच्या शहरात आपण उतरतो. पृथ्वीवर परग्रहवाल्यांचं राज्य आलेलं आहे. व्हिक्टर अँतोनोव्ह या बल्गेरियात जन्मलेल्या चित्रकाराने हे शहर असं उभं केलंय, की पूर्व युरोपातल्या जुन्या, पोपडे उडालेल्या इमारती आणि त्यांच्या डोक्यावर आभाळात घुसलेला परक्यांचा पोलादी मनोरा पाहून आपला आवाज आपोआप खाली येतो. स्टेशनातून बाहेर पडताना एक मुखवटेवाला शिपाई वाट अडवतो. थंड पेयाचा एक पत्र्याचा डबा मुद्दाम खाली पाडतो आणि फर्मावतो, ‘उचल तो. टाक कचऱ्यात.’

वाचकहो, मी तेहेतीस वर्षं सरकारी नोकरी केली. कोणत्या खात्यात ते सांगत नाही. तिथे एक साहेब होते. फाइल आवडली नाही की ती टेबलावरून खाली सोडायचे आणि छताकडे बघत म्हणायचे, ‘उचला.’ मी उचलायचो. कागद नीट लावून, फीत बांधून परत ठेवायचो. घरी दोन मुलं होती, गृहकर्जाचे हप्ते होते.

तर मी तो डबा उचलला आणि शिपायाच्या तोंडावर फेकला.

खेळाने हे चालवून घेतलं! शिपाई दंडुका घेऊन मागे धावला, मी चार रट्टे खाल्ले, पण गोष्ट पुढे गेली. डबा टोपलीत टाकला तरी पुढे जाते. म्हणजे निवड माझी. पुढे त्या खेळात मी तीन-तीन माणसं उंच पायांची यंत्रं रॉकेटनं पाडली, पण त्या डब्याची सर कशालाच आली नाही.

दुसरा गुण असा, की मध्येच खेळ थांबवून सिनेमा लावत नाहीत. प्रयोगशाळेत डॉक्टर क्लायनर बोलत असतात, तेव्हा आपण टेबलावर चढावं, वस्तू पाडाव्यात, कुणी रागावत नाही. फ्रीमन मात्र अख्ख्या खेळात एक शब्द बोलत नाही. सासुरवाडीत जावयाने बसावं तसा ऐकत राहतो. यात काहीही सुधारणा करू नये.

आणि ती गुरुत्वाकर्षणाची बंदूक! तिचं शास्त्रीय नाव ‘झीरो पॉइंट एनर्जी फील्ड मॅनिप्युलेटर’. ते उच्चारेपर्यंत शत्रू घरी पोचतो. तिने समोरची वस्तू ओढून घ्यायची आणि भिरकावायची. रेव्हनहोम नावाच्या भुताळ्या गावात करवतीची गोल पाती फेकताना मी जेवायला उठलो नाही.

आता दोष. पाण्यावरची ती मोटरबोट. मजा येते, मग पुरे वाटतं, मग मुंबई-गोवा महामार्गाची आठवण येते. ती निम्मी करावी. फळीच्या एका टोकाला विटा ठेवून दुसरं टोक वर उचलायचं, हे कोडं एकदा छान. सारखं सारखं वजनं रचायला डॉक्टरेट कशाला, बिगारीही रचतो. शत्रूचे शिपाई पहिल्या भागातल्या सैनिकांइतके चलाख नाहीत, असं पुतण्याचं मत, आणि शेवटी बंड होतं तेव्हा आपल्याबरोबर जे नागरिक लढायला येतात ते सगळे दारातच उभे राहतात. मागे ग्रेनेड पडलेला आणि पुढे हे! लोकलच्या डब्यात ‘उतरायचंय का?’ विचारायची रीत यांना कुणीतरी शिकवायला हवी होती.

शेवट तर फारच घाईचा. मनोऱ्यावर स्फोट होतो, काळ गोठतो, सूटबूटवाला एक गूढ गृहस्थ येतो, दोन वाक्यं बोलतो आणि फ्रीमनला उचलून बाजूला ठेवून देतो. अख्खा खेळ मी वस्तू उचलल्या, आणि शेवटी मलाच!

पुढे २००६ आणि २००७ मध्ये दोन छोटे भाग आले. दुसऱ्याच्या शेवटी ॲलिक्सचे वडील मरतात, ती त्यांच्यावर पडून रडते आणि पडदा. तिसरा छोटा भाग आलाच नाही. १३ वर्षांनी, २०२० साली ‘हाफ-लाइफ : ॲलिक्स’ आला, त्यात म्हणे ते वडील वाचतात आणि फ्रीमनच्या हातात पुन्हा कटावणी देतात. मला ते बघायचंय. पण त्यासाठी डोळ्यांवर एक भलामोठा चष्मा बांधून खोलीत हात फिरवावे लागतात, आणि सौ.ने स्पष्ट सांगितलंय, ‘अहो, शोकेसमध्ये लग्नातला काचेचा सेट आहे. आधी तो माळ्यावर ठेवून द्या.’

शिडी शेजाऱ्यांकडे आहे. उद्या आणतो.