मासळी मोजायची कुणाच्या जाळ्यानं?

कोल्हापूरच्या ताटातली सुरमई घाट चढून येते. रत्नागिरीची गाडी आंबा घाटातून, मालवणची फोंडा किंवा करूळ घाटातून. दर कडाडला की गिऱ्हाईक कारण विचारतं आणि उत्तर मिळतं, ‘मासळीच मिळेना.’ पण समुद्रात मासळी उरली किती, यावर सरकारी आकडा आणि होडी हाकणाऱ्या तांडेलाचा अंदाज यांचं क्वचितच जमतं.

केंद्रीय समुद्री मत्स्य संशोधन संस्थेच्या नोंदीनुसार महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर 2018 मध्ये 2.95 लाख टन मासळी उतरली, 2019 मध्ये 2.01 लाख टन. पंचेचाळीस वर्षांतला हा नीचांक होता. त्याच सुमारास राज्याच्या मत्स्यव्यवसाय विभागाचा वार्षिक आकडा चार लाख टनांच्या वर होता. किनारा एक, सरकारी हिशेब दोन. मच्छीमारानं कोणता खरा धरावा? त्यात 2019 ला ‘क्यार’ आणि ‘महा’ ही वादळं आली, होड्या बंदरात अडकल्या. मासा घटला की मासेमारीचे दिवस घटले, हे नुसत्या टनांवरून उमगत नाही.

संस्थेची मोजणी आंधळी मात्र नाही. प्रत्येक होडी मोजणं अशक्य, म्हणून बंदरं आणि दिवस निवडले जातात. निरीक्षक दुपारी 12 ते 6 जेटीवर उभा राहतो, दुसऱ्या दिवशी सकाळी 6 ते 12 पुन्हा येतो आणि मधल्या रात्रीचा माल विचारून लिहितो. आलेल्या होड्यांतल्या काहींची मासळी तपासून साऱ्यांचा अंदाज बांधतो. हे शास्त्र पक्कं आहे, पण त्याचा अर्धा आधार मच्छीमाराच्या खऱ्या उत्तरावर आहे. आज सांगितलेला आकडा उद्या बंदीचं कारण होईल अशी धास्ती असेल, तर ते उत्तर खरं कसं येणार?

शिवाय जेटीवर दिसतो तो उतरलेला मासा. पूर्वी किनाऱ्यालगत भरणारं जाळं आता दूर खोल पाण्यात टाकावं लागत असेल, तर टोपल्या तेवढ्याच दिसतात आणि डिझेल दुप्पट जळतं. समुद्र रिकामा होतोय हे तांडेलाला आधी कळतं ते या डिझेलच्या बिलातून.

माशांचा थवाच्या थवा घेरणाऱ्या पर्ससीन जाळ्यांच्या वादात मोजणीवरचा हा अविश्वास उघड्यावर आला. भारतीय मत्स्य सर्वेक्षणाचे माजी महासंचालक डॉ. व्ही. एस. सोमवंशी यांच्या समितीनं पर्ससीनवर कडक मर्यादा सुचवल्या आणि 5 फेब्रुवारी 2016 ला राज्यानं निर्बंध लावले. पारंपरिक मच्छीमारांनी अहवाल उचलून धरला, पर्ससीनधारकांनी धुडकावला. कागद एकच होता. ज्याच्या जाळ्यावर कात्री चालली, त्याला त्यातलं शास्त्र कच्चं वाटलं.

तरी मच्छीमाराची प्रत्येक शंका स्वार्थाची नसते. अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर ‘अल्बाट्रॉस 4’ हे सरकारी जहाज ट्रॉल जाळं ओढून मासळीचा साठा मोजत असे. 2002 मध्ये मच्छीमारांनी दाखवून दिलं की जाळं ओढणाऱ्या दोन तारांची लांबी सारखी नाही. चूक 2000 पासूनची होती. निष्कर्षांवर तिचा मोठा परिणाम आढळला नाही, असं तज्ज्ञांनी नंतर सांगितलं, पण विश्वास गेला तो गेलाच. पुढच्या जहाजासाठी नवं जाळं ठरवायला मात्र शास्त्रज्ञांच्या शेजारी मच्छीमार बसले. कोकणाला हवी आहे ती हीच बैठक. सर्वेक्षणाच्या जहाजावर तांडेल असावा, आणि टनांच्या रकान्याशेजारी डिझेलचा, अंतराचा आणि परत समुद्रात फेकलेल्या मासळीचाही रकाना असावा.

सुरुवात करायला एक जागा तयार आहे. 2023 मध्ये राज्यानं 54 जातींसाठी पकडण्याची किमान लांबी ठरवली: पापलेट 135 मिलिमीटर, बोंबील 180, सुरमई 370. मासा पहिल्यांदा अंड्यावर कधी येतो, हा या नियमामागचा विचार. तो पडताळायला जहाज लागत नाही. केवढ्या माशात गाभोळी सापडते, हे रोज मासे कापणाऱ्या कोळणीला पाठ असतं. तिची ही माहिती अभ्यासकांनी लिहून घ्यावी, आणि कोल्हापूरच्या बाजारात वीतभर सुरमई दिसली तर गिऱ्हाईकानंही तिची लांबी विचारावी.