काळ्या रश्शातला मासा

जुन्नरला माकूळ चढून येतं ते समुद्रफेस होऊन. काष्ठौषधीच्या दुकानात पुडीत बांधून मिळणारं, नखानं खरवडलं की भुरभुरणारं ते पांढरं हाड त्याच्याच अंगातलं. मऊ अंग आणि शाई घाटाखालीच राहतात. सातवाहनांच्या काळी कल्याण-सोपाऱ्याचा माल नाणेघाटानं वर यायचा; त्या बैलांच्या पाठीवर सुकटीचा वास असणारच, असं आपलं मला वाटतं.

खाली कोळीवाड्यात माकूळ साफ करताना शाईची पिशवी अलगद सोडवावी लागते. फुटली, तर पाणी, बोटं, पाट, सगळं काळंभोर. वैऱ्याला चकवायला समुद्रात सोडायचा तो अंधार. त्याला रंग मेलॅनिनचा, आपल्या केसांतलाच. आपण तो टाकून देतो. व्हेनिसचे लोक त्यात भात शिजवतात.

आमच्या जुन्नर-आंबेगावचा काळा रंग मात्र विस्तवातून येतो. निखाऱ्यात कांदा करपत जातो, सुक्या खोबऱ्याची वाटी आचेवर धरली की तिचं तेल सुटतं, चरचरतं आणि कडेनं एकदम पेट घेतं, घरभर तो गोडसर, खमंग धूर कोंदतो, डोळे चुरचुरतात आणि नेमक्या त्याच क्षणी फुंकर घालायची असते. क्षणभर उशीर, की रस्सा कडू.

मग मासवडी. हळद-तिखट घालून घोटलेलं बेसन ओल्या फडक्यावर थापायचं, त्यावर तीळ, खोबरं, लसूण, कोथिंबिरीचं सारण पसरायचं, फडक्यासकट दुमडून हातानं दाबत माशाचा आकार द्यायचा. वड्या कापल्या की तुकडी हुबेहूब. काटा तेवढा नाही! ओतूरला तुकोबांच्या गुरूंची समाधी, आळ्याला ज्ञानोबांच्या रेड्याची. गळ्यात माळ असलेल्यांच्या या मुलखात इतका निष्पाप मासा सुचला, याचं मला फार कौतुक वाटतं. हल्ली काही ठिकाणी रस्सा नुसताच लालभडक असतो, वर बोटभर तेल. त्यात ही वडी परकी दिसते. तिला काळंच पाणी हवं, तळ न दिसणारं, लसणाच्या वासानं जड झालेलं.

शाईचा भात मी अजून खाल्लेला नाही. मिळाला तर खाईन. सोबत बाजरीची भाकरी आणि फोडलेला कांदा मात्र मागून घेईन.