भाडे कशाचे?

घर भाड्याने देऊन उत्पन्न मिळविण्याचा विचार ज्यांच्या मनात नव्याने आलेला असतो, ते बहुधा घर कोठे घ्यावे एवढेच मला विचारतात. परंतु बरीच वर्षे पुण्यात हा व्यवहार सांभाळल्यावर माझे मत असे झाले आहे की, भाडे हा कशाचा मोबदला आहे याचा निर्णय त्याआधी स्वतःशी करणे अगत्याचे आहे. माझ्यापुरते उत्तर असे की, राहण्याजोगी जागा वर्षानुवर्षे राहण्याजोगी राखण्याचे जे श्रम, त्यांचा तो मोबदला होय.

हिशेबही हेच सांगतो. साठ लाखांच्या सदनिकेला दरमहा पंधरा हजार भाडे आले, तर वर्षाचे १,८०,००० रुपये, म्हणजे भांडवलावर तीन टक्के होतात. त्यातून सोसायटीचा देखभाल खर्च तीस हजार, मिळकत कर बारा हजार आणि दोन भाडेकरूंमधल्या रिकाम्या महिन्याचे पंधरा हजार वजा केले की हाती उरतात १,२३,०००, म्हणजे जेमतेम दोन टक्के. गृहकर्जाचे व्याज याच्या कितीतरी पट असल्यामुळे, भाड्यातून हप्ते फिटतील या भरवशावर सगळे कर्ज काढून उतरणाऱ्यास मी आग्रहाने परावृत्त करतो. आयकर कायदा महापालिकेचा कर वजा जाता उरलेल्या भाड्यावर तीस टक्के सरसकट वजावट देतो आणि तिच्यासाठी खर्चाच्या पावत्या मागत नाही; ती रक्कम घराचीच ठेव आहे असे मानून मी ती गच्चीच्या गळतीसाठी, नळांसाठी आणि रंगासाठी बाजूला काढतो.

नवशिक्याने मुंबईतल्या गिरगाव-लालबागच्या जुन्या चाळींचा इतिहासही जाणून घ्यावा, कारण आजचा करारनामा त्याच इतिहासातून घडला आहे. १९४७च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने १ सप्टेंबर १९४० रोजीचे भाडे प्रमाण धरले, आणि महागाईच्या काळात सामान्य कुटुंबांच्या डोक्यावरचे छप्पर त्यामुळे टिकले, हे त्याचे मोठे पुण्य. परंतु भाडे गोठले आणि दुरुस्तीचा खर्च मात्र वाढत गेला, तेव्हा मालकांनी डागडुजी सोडली, जिने खचले, आणि पागडीचा, म्हणजे जागेच्या हक्कासाठी एकरकमी पैसे देण्याचा, व्यवहार कागदाबाहेर फोफावला. पुढे १ फेब्रुवारी १९७३ रोजी चालू परवान्याने जागेत राहणाऱ्यांना कायद्याने भाडेकरूंचे संरक्षण दिले, तेव्हा मालकांच्या मनात भीतीने असे घर केले की जागा कुलूपबंद ठेवणे अनेकांना अधिक सुरक्षित वाटू लागले. १९९९च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने लिव्ह अँड लायसन्सच्या, म्हणजे परवान्याने जागा वापरू देण्याच्या, कराराला भक्कम आधार दिला. मुदत संपूनही जागा न सोडणाऱ्यास दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते, आणि कब्जा परत मिळविण्यासाठी सक्षम प्राधिकाऱ्याकडे दाद मागता येते.

मात्र हे संरक्षण दस्तऐवज नोंदविणाऱ्यासच पुरते लाभते. अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही, हा समज आपल्याकडे खोलवर रुजला आहे, आणि महाराष्ट्रापुरता तो चुकीचा आहे: मुदत कितीही असो, करार लेखी हवा, नोंदणीकृत हवा, आणि ही जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल तर अटींविषयी वाद उद्भवल्यास, उलट सिद्ध होईपर्यंत, भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. याखेरीज पोलीस ठाण्याला माहिती द्यावी, सोसायटीला कळवावे. मालक स्वतः राहत नसल्याबद्दल सोसायटी घेते ते बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून अधिक आकारता येत नाही, हेही जाणून असावे.

आता घर कोणते घ्यावे ते सांगतो. स्वतःला भावणारे घर आणि भाड्याने जाणारे घर यांत पुष्कळ अंतर असते. हिंजवडीला जाणारा अभियंता किंवा सदाशिव पेठेत स्पर्धापरीक्षेची तयारी करणारा विद्यार्थी समोरच्या टेकडीच्या दर्शनासाठी अधिक पैसे देईलच असे नाही, पण बसथांबा पायी किती मिनिटांवर आहे हे तो नक्की विचारतो. मी जागा पाहावयास जातो तो पाण्याच्या वेळी. नळ स्वतः सोडून पाहतो, उन्हाळ्यात टँकर किती येतात हे पहारेकऱ्याला विचारतो, स्नानगृहाच्या मागची भिंत हाताने चाचपतो, आणि शक्य असल्यास पावसाळ्यात पुन्हा एकदा जातो, कारण जी ओल वैशाखात रंगाखाली दडते ती आषाढात दडत नाही.

कुटुंब राहावयास आले की त्या मुदतीपुरते ते घर त्यांचे. दुसरी किल्ली माझ्याजवळ असली तरी विचारल्यावाचून मी ती वापरीत नाही. नळ गळतो असा निरोप आला तर दुसऱ्या दिवशी प्लंबर जातो. अनामत रक्कम ही माझी मिळकत नव्हे, म्हणून ती निराळ्या खात्यात असते. आरंभी दोघांनी मिळून केलेल्या सामानाच्या यादीशी रुजुवात झाली आणि विजेचे बिल चुकते झाले की, किल्ली हाती येते त्याच दिवशी अनामत परत जाते. राहत्या घरात माणसे वावरतात, भिंती थोड्या मळतात, खिळ्यांची भोके पडतात. त्यांचे पैसे मी कापीत नाही, ते भाड्यात आधीच आलेले असतात.