अब्बांच्या बुलेटची चाके

जुन्या मोटारसायकलीला नवी चाके घालायची म्हटली, की घरातला प्रत्येक जण जाणकार होतो. अब्बांच्या १९८६च्या बुलेटच्या दोन्ही रिमा गंजल्या, तेव्हा आम्हा तिघा भावंडांचे तसेच झाले. अब्बांचे गुडघे आता किक मारू देत नाहीत. गाडी धाकट्याने चालवायची ठरली होती. चाके कोणती, यावर मात्र दोन तट पडले.

धाकट्याला काळी अलॉय हवी होती. त्याचे म्हणणे पोकळ नव्हते. अलॉय म्हणजे मिश्रधातूचे एकसंध ओतीव चाक. त्यात ट्यूबलेस टायर बसतो. खिळा घुसला तरी हवा सहसा हळूहळू जाते आणि रात्री-अपरात्री गाडी ढकलत न्यावी लागत नाही. तारांच्या साध्या चाकात तारांची टोके रिमच्या भोकांतून आत येतात, म्हणून ट्यूब लागतेच. पण खड्ड्यात आपटून हे चाक वाकले, तर तारा कसून-सैल करून ते पुन्हा सरळ होते. ओतीव चाकाला तडा गेला, तर ते बदलणेच शहाणपणाचे. शिवाय मूळ मापाहून रुंद चाके घालायची, तर कायदा आडवा येतो. कंपनीने नोंदवलेल्या मूळ तपशिलात फेरफार चालणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये बजावले आहे.

तारा ठरल्या, तशी धाकट्याने अट घातली : रिमा क्रोमच्या, आरशासारख्या. आपा शाळेत रसायनशास्त्र शिकवतात. त्या म्हणाल्या, "ही झळाळी मुख्यतः खालच्या निकेलच्या थराची. वरचा क्रोमियमचा थर एका मायक्रॉनहूनही पातळ असतो. आणि तो चढवताना टाकीतून जी वाफ उठते, ती रोज नाकात गेली तर कारागिराच्या नाकाच्या पडद्याला भोक पडते. फुप्फुसाच्या कॅन्सरचाही धोका असतो."

आम्ही गप्प झालो. मोहल्ल्यातली किती मुले प्लेटिंगच्या कामावर जातात, हे आम्हाला ठाऊक होते. एका घराने चमक नाकारली म्हणून त्या टाक्या बंद होणार नाहीत, हेही कळत होते. तरी नव्या साध्या पोलादी रिमांना राखाडी पावडर कोटिंग केले. यात कोरडी पूड विजेच्या भाराने धातूला चिकटवतात आणि सुमारे २०० अंशांच्या भट्टीत भाजतात. पातळ रंगासारखे त्यात थिनर लागत नाही.

अब्बा एवढेच म्हणाले, "चाकं तुमची. टाकीला हात लावू नका." टाकीवरच्या सोनेरी रेघा मद्रासच्या कारखान्यात कुणीतरी हाताने ओढलेल्या आहेत. त्या तशाच राहिल्या.

चाके बांधली ती मोहल्ल्यातल्या मिस्त्रीचाचांनी. ते तारेला पान्याने टिचकी मारून कान देतात : सैल तार बद्द बोलते, कसलेली टणकन. अलॉय आल्यापासून आऊट काढायला फारसे कुणी येत नाही आणि त्यांच्या मुलांनी हे काम उचलले नाही. धाकटा दिवसभर त्यांच्याजवळ बसून होता. शेवटच्या चार तारा चाचांनी त्यालाच कसायला दिल्या.