झाडाचं सोंग

अमेरिकेत कॉलेजांचे फुटबॉलचे सामने असले की मैदानाच्या कडेला एखादं सोंग नाचत असतं. कुणाचं अस्वल, कुणाचा वाघ. तिकडे त्याला मॅस्कॉट म्हणतात. कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात मात्र चक्क एक झाड नाचतं! बटबटीत डोळे, वेडंवाकडं तोंड आणि बुंध्याखाली माणसाचे दोन पाय. बघून हसू येतं खरं, पण ते तिथे आलं कसं ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही.

१९३० पासून स्टॅनफर्डचं चिन्ह होतं 'इंडियन', म्हणजे तिथला मूळचा आदिवासी. त्याचं भलंमोठं नाक असलेलं व्यंगचित्र सगळीकडे मिरवायचं. १९५० च्या दशकापासून मैदानात पिसांचा टोप घालून 'प्रिन्स लाइटफूट' नाचायचा. तो होता टिम विल्यम्स, आणि तो स्वतःच युरोक जमातीचा! माझं मन अडकतं ते इथे. ज्याचं सोंग, त्यानेच ते घेतलेलं. मग हरकत कसली? पण १९७० च्या सुमारास आदिवासी मुलं-मुली तिथे शिकायला आली, आणि आपला पेहराव, आपले नाच इतरांच्या करमणुकीसाठी वापरलेले त्यांना पाहवेनात. १९७२ मध्ये ५५ जणांनी अर्ज दिला आणि विद्यापीठाने ते चिन्ह काढून टाकलं. माजी विद्यार्थी पुष्कळ चिडले. आमचा हेतू वाईट नव्हता, आम्ही तर मानच देत होतो, असं त्यांचं म्हणणं. असेलही. पण मान मिळाला की नाही हे ज्याला द्यायचा त्यानेच सांगावं ना?

आता नवं काय? विद्यार्थ्यांनी मतदान करून 'रॉबर बॅरन्स' निवडलं. म्हणजे लुटारू धनदांडगे! संस्थापक लीलंड स्टॅनफर्ड रेल्वेतून गब्बर झालेले, त्यांनाच हा टोला. विद्यापीठाने अर्थातच नाही म्हटलं. मग १९७५ मध्ये तिथल्या वात्रट बँडने मध्यंतरात आपले उमेदवार उभे केले: वाफाळणारं मॅनहोल, बटाट्याची तळलेली फोड आणि झाड. लोकांना झाड आवडलं. गंमत म्हणजे विद्यापीठाचं अधिकृत चिन्ह ते आजही नाही. अधिकृत आहे तो नुसता 'कार्डिनल' हा लाल रंग. झाड बँडचं.

शेजारच्या बर्कलीचं अस्वल, ऑस्की, १९४१ पासून आहे. आत कोण असतं ते गुपित ठेवतात. झाडाचं उलट. दरवर्षी अचाट उद्योग करून दाखवणाऱ्यांतून एकाची किंवा एकीची निवड होते, आणि पोशाख ज्याचा त्याने शिवायचा. त्यामुळे झाडाचं रूपही दरवर्षी वेगळं. २०२२ मध्ये तर विद्यापीठाला मजेचं वावडं आहे अशा अर्थाचा फलक सामन्यात फडकवला म्हणून झाडालाच निलंबित केलं होतं!

ज्यावरून हे सगळं सुचलं तो खरा रेडवुड, एल पालो आल्तो, हजाराहून जास्त वर्षांचा आहे. पालो आल्तो गावात रेल्वेच्या रुळांना अगदी खेटून उभा आहे.