तिसरा दगड

पुष्कळ वर्षांपूर्वीची गोष्ट. एका तालुक्याच्या गावी, बाजारपेठेच्या टोकाला, एका वृद्ध नाभिकाचे लहानसे दुकान होते. भिंतीवर एक आरसा, त्यापुढे एक लाकडी खुर्ची आणि कोनाड्यात जुनी धोकटी, एवढाच काय तो त्या दुकानाचा संसार. परंतु आबांचा वस्तरा गालावरून फिरू लागला, की गिऱ्हाइकाला डुलकी लागते, अशी त्यांची ख्याती होती.

आबांचा नातू पंधरा वर्षांचा झाला होता. सरावासाठी आबांनी त्याला एक जुना वस्तरा आणि एक निसणा दिला होता. निसणा म्हणजे धार लावण्याचा दगड. त्यावर पाण्याचे चार थेंब टाकावेत, पाते आडवे ठेवून हलक्या हाताने पुढे न्यावे, उलटवून मागे आणावे, आणि शेवटी ते चामड्याच्या पट्ट्यावरून फिरवावे, हा क्रम तो वर्षभर रोज पहाटे नेमाने करीत असे.

एके दिवशी त्याला पहिले गिऱ्हाईक मिळाले. शेजारचे वृद्ध गुरुजी खुर्चीत येऊन बसले. वस्तरा अडखळला, केस ओढले गेले आणि हनुवटीखाली रक्ताचा थेंब उमटला. गुरुजी रागावले नाहीत. त्यांनी तुरटीचा खडा मागून घेतला आणि आपल्याच हाताने जखमेवरून फिरवला. त्यांचे ते न रागावणेच मुलाच्या मनाला अधिक लागले.

दुसऱ्या दिवशी त्याने दुप्पट वेळ वस्तरा घासला. धार आणखीच बिघडली. तिसऱ्या दिवशी तो खाली मान घालून म्हणाला, ''आबा, माझ्या हाताला यश नाही. मी दुसरे काही काम शिकतो.''

आबा काहीच बोलले नाहीत. त्यांनी त्याचा निसणा उचलला, त्यावर एक सरळ पोलादी पट्टी कडेवर उभी ठेवली आणि तो दाराकडे, उजेडासमोर धरला. पट्टीच्या खाली, दगडाच्या मधोमध, उजेडाची बारीक फट चमकत होती.

''पोरा, हात बिघडलेला नाही, दगड बिघडला आहे,'' आबा म्हणाले. ''आणि तो तूच बिघडवलास.''

खरोखरच तसे होते. दगड पोलादाला झिजवतो, तसे पोलादही दगडाला झिजवते. मुलगा सदैव दगडाच्या मध्यभागीच पाते घाशी, म्हणून मध्यभाग खोलगट झाला होता. सरळ पाते तेथे ठेवले, की ते कडांवर टेके आणि मधे अधांतरी राही. धार कोठे लागे, कोठे लागत नसे. अधिक घासावे, तो खळगा अधिक खोल होई.

आबांनी धोकटीतून दुसरा निसणा काढून दिला. मुलाने दोन्ही दगडांवर शिसपेन्सिलीने उभ्या-आडव्या रेघा मारल्या, पाणी घातले आणि एकावर एक ठेवून ते घासले. करड्या रंगाचा गाळ निघू लागला. हळूहळू साऱ्या रेघा पुसल्या गेल्या. दोन्ही दगड एकमेकांवर कोठेही फट न राहता बसले. मुलाचा चेहरा उजळला.

आबांनी पुन्हा पट्टी लावली. पहिल्या दगडाखालची फट लहान झाली होती, पण गेली नव्हती. दुसऱ्या दगडावर मात्र पट्टी मध्यावर टेकून डुलत होती. एक खोलगट, दुसरा फुगीर! म्हणूनच त्यांचे इतके छान जमले होते.

मग आबांनी तिसरा निसणा पुढे ठेवला. पहिला दुसऱ्यावर, दुसरा तिसऱ्यावर, तिसरा पहिल्यावर, अशी पाळीपाळीने घासणी सुरू झाली. खोलगट दगडाशी फुगीर दगड जुळेल. पण दोन फुगीर दगड समोरासमोर आले, की ते डुलतात आणि दोष उघडा पडतो. तिन्ही दगड परस्परांशी जुळायचे, तर तिघांनाही सपाटच व्हावे लागते.

आबांनी हे कोणत्याही ग्रंथात वाचलेले नव्हते. परंतु जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज यंत्रशास्त्रज्ञाने १८४० साली ग्लासगो येथे विद्वानांच्या सभेत वाचलेल्या निबंधात हेच तत्त्व मांडले होते. धातूचे तीन पत्रे घ्यावेत, त्यांची परस्परांशी आळीपाळीने पारख करावी आणि उंचवटे खरवडून काढावेत, म्हणजे खरा सपाट पृष्ठभाग मिळतो. यंत्रांचे बिनचूक भाग घडवण्याच्या कामी ही रीत फार मोलाची ठरली.

मुलाला व्हिटवर्थचे नाव ठाऊक नव्हते. त्याला एवढेच उमगले, की दोघांचे जमले म्हणजे दोघेही बरोबर असतात असे नाही. आणि ज्यावर इतरांना घासून पाहायचे, त्यालाही अधूनमधून तपासावे लागते. त्या दिवसापासून तो दगडाच्या टोकापासून टोकापर्यंत पाते फिरवू लागला, आणि दर आठवड्याला पट्टी लावून उजेडात पाहू लागला.

महिन्याने गुरुजी पुन्हा खुर्चीत बसले. मुलाने त्यांच्या गालाला साबणाचा फेस लावला आणि वस्तरा उघडला. हात किंचित थरथरला, मग स्थिर झाला. दाराशी बसलेल्या आबांनी थोड्या वेळाने वळून पाहिले. वस्तरा संथपणे फिरत होता, आणि गुरुजींना डुलकी लागली होती.