आरशासारखं पाणी

सकाळी धक्क्यावर पोचलो की पहिलं काम पाणी उपसण्याचं. विमानाला पाण्यावर तरंगवणाऱ्या फ्लोटच्या एकेका कप्प्याला हातपंप लावायचा आणि रात्रभर झिरपलेलं पाणी काढायचं. कुठला कप्पा किती पाणी देतो हे आता हाताला पाठ झालंय. एखाद्याने जास्त दिलं की वाकून बघायचं. मग प्रॉपेलर हाताने हळूहळू फिरवायचा. नऊ सिलिंडर वर्तुळात मांडलेलं, साडेचारशे अश्वशक्तीचं हे इंजिन. रात्रीत खालच्या सिलिंडरांमध्ये तेल उतरून बसतं. प्रॉपेलर मध्येच अडला तर जोर करायचा नाही. प्लग काढून तेल वाहू द्यायचं, नाहीतर आतला दांडा वाकलाच.

ब्रिटिश कोलंबियाच्या किनाऱ्यावर मी चालवतो ते विमान म्हणजे बीव्हर. पहिलं बीव्हर टोरांटोच्या डाउन्सव्ह्यूत १६ ऑगस्ट १९४७ ला उडालं, म्हणजे आपल्या स्वातंत्र्यापेक्षा एका दिवसाने लहान. ते बनवणाऱ्या कंपनीने आधी जंगलात उडणाऱ्या वैमानिकांनाच विचारलं होतं, तुम्हाला काय हवंय? ते जागोजागी दिसतं. दार एवढं रुंद की दोनशे लिटरचं पिंप गडगडत आत जातं. इंधनाच्या टाक्या पंखांत नाहीत, पायाखाली; त्यामुळे पावसात पंखावर चढावं लागत नाही, फ्लोटवर उभं राहून भरता येतं. आणि तेलाचं बूच चक्क कॉकपिटमध्ये! उडता उडता तेल घालता येतं. एकदा मी तसं घातलं, तेव्हा शेजारचा प्रवासी बोलला काही नाही. फक्त पट्टा आवळला.

वेगाचं कौतुक करावं असं काही नाही. खोड एकच: पिंप सहज आत जातं म्हणून आणखी एक घालावंसं वाटतं. शेपटीकडे वजन झालं आणि कमी उंचीवर, आवळलेल्या वळणात वेग पडला, की हे गरीब जनावर अजिबात माफ करत नाही.

वारा पडून पाणी आरशासारखं झालं की प्रवासी मोबाइल काढतात. माझ्या पोटात गोळा येतो. पाणी नेमकं कुठे आहे तेच डोळ्यांना कळत नाही. पन्नास फूट आणि पाच फूट सारखेच दिसतात. मग किनारा बाजूला धरायचा, नाक किंचित वर, थोडी पॉवर ठेवून मिनिटाला दीडशे फुटांनी उतरत राहायचं. अंदाज करायचा नाही, हात हलवायचा नाही. थांबायचं. फ्लोट सळसळले की समजायचं, टेकलो.